शेजारधर्माला कागद लागतो

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात कर्नाटकातून केरळात जाणारे रस्ते एकामागून एक बंद झाले. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरच्या तलपाडी नाक्यावर पोलिसांचे अडथळे उभे राहिले आणि आतल्या लहान रस्त्यांवर माती आणून ओतली गेली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत देशभर सगळेच थांबले होते, पण इथल्या मातीचा अर्थ वेगळा होता. केरळच्या उत्तर टोकाचा कासरगोड जिल्हा, त्यातही मंजेश्वर तालुका, मोठ्या दुखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मंगळूरला जातो. मंजेश्वरहून मंगळूर वीसेक किलोमीटरवर आहे, तर स्वतःच्या राज्याची राजधानी तिरुवनंतपुरम पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच दक्षिण कानडा जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत मधून रेघ गेली. रुग्ण रेघेच्या अलीकडे राहिले, रुग्णालये पलीकडे गेली. चौसष्ट वर्षे त्याने कुणाचे काही अडले नाही, कारण रेघ फक्त नकाशावर होती. ती मातीच्या रूपाने रस्त्यावर आली तेव्हा हृदयविकाराचे, मूत्रपिंडाचे आणि अडलेल्या बाळंतपणाचे रुग्ण घेऊन निघालेल्या रुग्णवाहिका नाक्यावरून परत फिरल्या. वेळेवर उपचार न मिळाल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या रोज येऊ लागल्या. यातल्या बहुतेकांना करोना झालेलाच नव्हता.

त्याच मार्च महिन्यात ऱ्हाइन नदीच्या काठी दुसऱ्या एका सीमेवर दुसरेच दृश्य दिसत होते. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या म्युलूझ शहरात फेब्रुवारीत एका चर्चचा मोठा मेळावा झाला होता. त्यातून साथ पसरली आणि मार्चच्या मध्यावर तिथल्या अतिदक्षता विभागांत खाट उरली नाही. फ्रेंच लष्कराने म्युलूझमध्ये तीस खाटांचे तंबूतले रुग्णालय उभारले, लष्करी विमानाने आणि वेगवान रेल्वेगाडीत व्हेंटिलेटर बसवून रुग्ण देशाच्या दुसऱ्या टोकाला हलवले. पण नदीच्या पलीकडे, तासाभराच्या अंतरावर, जर्मनीतली रुग्णालये त्या वेळी बरीचशी रिकामी होती. अल्सासमधल्या ओ-ऱ्हाँ जिल्ह्याच्या तेव्हाच्या अध्यक्षा ब्रिजीत क्लिंकेर यांनी शेजाऱ्यांकडे मदत मागितली. २१ मार्चला जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने ती देऊ केली, आणि फ्रायबुर्ग, हायडेलबर्ग, मानहाइम, उल्म इथल्या रुग्णालयांत अल्सासचे अत्यवस्थ रुग्ण पोहोचू लागले. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहर, बाझेल ग्रामीण आणि ज्युरा या तीन कॅन्टनांनी प्रत्येकी दोन रुग्ण घेतले. जर्मनीच्याच झारलांड राज्याने आणि चिमुकल्या लक्झेंबर्गनेही आपली दारे उघडली. त्या पहिल्या लाटेत फ्रान्समधून दीडशेहून अधिक अत्यवस्थ रुग्ण सीमेपलीकडच्या रुग्णालयांत गेले.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली की हात आपोआप एका सोप्या निष्कर्षाकडे जातो: युरोप माणुसकीचा, आपण करंटे. तो निष्कर्ष खोटा आहे, कारण ऱ्हाइनकाठची सीमाही त्या वेळी बंदच होती. ११ मार्चला जर्मनीच्या साथरोग संस्थेने अल्साससह सगळा ग्रां-एस्त प्रदेश धोक्याचा ठरवला आणि १६ मार्चला जर्मनीने फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग या पाच शेजाऱ्यांच्या सीमेवर तपासणी सुरू केली. शेजाऱ्यांशी आधी नीट बोलणेही झाले नव्हते. लहान पूल आणि आडरस्ते बंद झाले. दोन गावांना जोडणाऱ्या, ‘मैत्रीचा पूल’ असे नाव असलेल्या पादचारी पुलावरही अडथळा आला. स्ट्रासबुर्गहून पलीकडच्या जर्मनीतल्या केल शहराला जाणारी ट्राम नदीच्या अलीकडेच थांबू लागली. झारलांडमध्ये रोज कामाला येणाऱ्या फ्रेंच माणसांना शिवीगाळ झाली, आपल्या देशात परत जा असे सुनावले गेले. हे इतके वाढले की जर्मनीचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हायको मास यांना जाहीर माफी मागावी लागली. म्हणजे भीती तिथेही होती, मतदारांचा दबावही होता आणि ‘बाहेरचा तो रोगी’ हा समजही होता. तरीही त्याच बंद सीमेतून व्हेंटिलेटरवरचा परदेशी रुग्ण आत आला, आणि आपल्याकडे एकाच देशातला, शेजारच्या तालुक्यातला माणूस आत येऊ शकला नाही. हा फरक मनाच्या मोठेपणाचा धरला तर त्यातून शिकण्यासारखे काहीच उरत नाही. तो फरक आधी करून ठेवलेल्या तयारीचा होता.

ती तयारी कंटाळवाणी असल्याने बातम्यांत कधी येत नाही. सीमापार आरोग्य सहकार्याचा आराखडा करार फ्रान्स आणि जर्मनी यांनी २००५ साली केला. त्यापुढे स्थानिक पातळीवर लहान लहान करार झाले. फ्रान्सच्या फोरबाक गावात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला काही किलोमीटरवरच्या जर्मनीतल्या फ्योल्कलिंगनच्या हृदयरोग रुग्णालयात थेट नेता यावे, अशी व्यवस्था २०१३ साली लागली. ऐकायला ही साधी गोष्ट वाटते, पण ती करायची तर प्रश्नांची रांग उभी राहते. रुग्णवाहिका सीमा ओलांडेल तेव्हा तिच्या भोंग्याला आणि दिव्याला पलीकडे मान्यता आहे का? फ्रेंच डॉक्टरने जर्मन हद्दीत इंजेक्शन दिले आणि काही बिघडले तर जबाबदारी कोणाची? बिल कोणत्या विम्याने भरायचे? केसपेपर कोणत्या भाषेत? रुग्ण बरा झाल्यावर, किंवा दगावल्यावर, परत कसा न्यायचा? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून शोधता येत नाही. २०१९ साली फ्रान्सचा मोझेल जिल्हा आणि जर्मनीचे झारलांड राज्य यांनी ही व्यवस्था अधिक विस्तारली. केल शहरात फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या तिघांच्या आरोग्य सहकार्यासाठी ‘ट्रिसान’ नावाचे एक छोटे केंद्र २०१६ पासून काम करते. कोणाचा कायदा कुठे अडतो याची नोंद ठेवणे हेच त्याचे मुख्य काम.

यावर जाणकार एक रास्त शंका काढतील. मार्च २०२० मध्ये रुग्ण हलवण्याचे निर्णय या करारांच्या कलमांनुसार झाले नाहीत. ते फोनवर, पत्रांवर, घाईघाईने झाले. मग कागदाचे श्रेय कसले? शंका खरी आहे, पण तिच्यातच उत्तर दडलेले आहे. फोन करायचा म्हणजे कोणाला करायचा हे ठाऊक असावे लागते, आणि पलीकडे उचलणाऱ्याला ‘हे माझे काम नाही’ असे म्हणता येऊ नये. वर्षानुवर्षे एकाच टेबलाशी बसून विम्याच्या आणि भोंग्याच्या कटकटी सोडवणाऱ्या माणसांची एकमेकांशी ओळख झालेली असते. एकदा पलीकडे गेलेला हृदयरोगी सुखरूप परत आलेला असतो, त्यामुळे नव्या रुग्णाची भीती कमी झालेली असते. करारातले कलम संकटात शब्दशः लागू होते असे क्वचितच घडते; करार करताना जमलेली ओळख आणि लागलेली सवय मात्र कामी येते. पैशाचा प्रश्नही घाईत पण सुटला. आलेल्या युरोपीय करोना रुग्णांचा खर्च जर्मनीच्या संघ सरकारने उचलला, त्यामुळे कोणत्याही रुग्णालयाला बिलाच्या काळजीने खाट नाकारावी लागली नाही.

आता सर्वांत जड आक्षेपाकडे वळू. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचे पहिले कर्तव्य आपल्या लोकांप्रती आहे. आज शेजाऱ्याला दिलेली खाट उद्या आपल्या माणसाला लागली तर? कर्नाटकाचा युक्तिवाद नेमका हाच होता. कासरगोडमध्ये त्या वेळी केरळातली सर्वांत मोठी साथ होती आणि ती मंगळुरात शिरली तर तिथल्या लोकांना कोण वाचवणार, असा प्रश्न त्या सरकारने न्यायालयात मांडला. हा प्रश्न हृदयशून्यतेचा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. पण त्याचे उत्तर हिशेबातच आहे. साथ सगळीकडे एकाच दिवशी शिखर गाठत नाही. म्युलूझ बुडत होते तेव्हा फ्रायबुर्गला श्वास घ्यायला उसंत होती. जर्मनीत लाख लोकांमागे अतिदक्षतेच्या सुमारे ३४ खाटा होत्या, फ्रान्समध्ये सुमारे १६. रिकामी खाट साठवून ठेवता येत नाही. आज न वापरलेली खाट उद्या दोन होत नाही. तेव्हा दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या मोकळ्या खाटा वापरणे हा विम्याचाच प्रकार झाला: संकट कोणावर आधी येईल हे दोघांनाही माहीत नसते, म्हणून दोघेही हप्ता भरतात. आणि मदतीला मर्यादा घालता येते. बाझेल शहराने दोनच रुग्ण घेतले. सहकार्य म्हणजे दारे सताड उघडी टाकणे असा अर्थ कोणी लावत नाही.

स्वार्थाची बाजू तर आणखी स्पष्ट आहे. लक्झेंबर्ग या तेव्हा सव्वासहा लाख वस्तीच्या देशात जवळपास दोन लाख माणसे रोज फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून कामाला येत होती आणि त्याच्या आरोग्यसेवेतले निम्म्याहून अधिक कर्मचारी सीमेपलीकडून येत होते. शेजाऱ्यांनी सीमा पूर्ण मिटली असती तर लक्झेंबर्गची रुग्णालये रुग्णांविना नव्हे, परिचारिकांविना बंद पडली असती. म्हणून त्या सरकारने सीमेपलीकडच्या कर्मचाऱ्यांना राहण्यासाठी हॉटेलांत खोल्या घेऊन ठेवल्या. सीमावर्ती भागात ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी विभागणी करायला बसले की सुरी आपल्याच अंगावर चालते, ती अशी. रोज पलीकडे जाणारा माणूस अलीकडचा करदाता असतो, पलीकडच्या कारखान्याचा हात असतो आणि दोन्हीकडे त्याचे सोयरे असतात.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. विषाणू माणसांबरोबर प्रवास करतो, मग माणसांना थांबवणे चुकीचे कसे? थांबवणे चुकीचे नाहीच. साथ एका बाजूला असताना आणि दुसऱ्या बाजूला पोहोचलेली नसताना, लवकर केलेला अटकाव उपयोगी पडतो. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या न्यूझीलंडने ते दाखवून दिले. पण जमिनीवरची, शेकडो आडवाटांची, नात्यागोत्यांनी विणलेली सीमा म्हणजे समुद्र नव्हे. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांच्या तिठ्यावरच त्याचे मूळ होते. तिथले किस्सी लोक तिन्ही देशांत राहतात. लग्ने, बाजार, अंत्यविधी सगळे सीमेच्या आरपार. सरकारांनी सीमा बंद केल्या, माणसे जंगलवाटांनी जात राहिली, आणि आता त्यांची नोंद घेणारेही कोणी उरले नाही. तिन्ही देशांत मिळून अकरा हजारांहून अधिक माणसे मेली. नाक्यावर डॉक्टर बसवला तर येणाऱ्याचा ताप कळतो, नाव-गाव कळते, कोणाच्या संपर्कात आला ते कळते. नाक्यावर माती टाकली तर यातले काहीच कळत नाही. चाळण आणि भिंत यांत फरक आहे तो एवढाच, आणि साथीत चाळणच जास्त कामाची.

हे फ्रान्स-जर्मनी सीमेवरचे लोक चुकांतूनच शिकले, पण शिकले. मार्च २०२१ मध्ये विषाणूच्या नव्या प्रकारामुळे जर्मनीने मोझेल जिल्ह्याला पुन्हा धोक्याचा ठरवले. या वेळी मागच्या वर्षीसारखे कायमचे नाके उभे राहिले नाहीत. ये-जा करणाऱ्यांनी ठरावीक मुदतीतल्या चाचणीचा निकाल जवळ ठेवायचा, पोलीस अधूनमधून पाहतील, असे ठरले. झारब्र्युकन आणि फोरबाक यांच्या मधोमध, गोल्डेने ब्रेम नावाच्या जुन्या सीमानाक्याजवळ, फ्रेंच आणि जर्मन यंत्रणांनी मिळून चाचणी केंद्र उघडले. पहिल्या वर्षी जिथे माणूस अडवला जात होता, तिथेच दुसऱ्या वर्षी त्याची तपासणी होऊन तो पुढे जाऊ लागला. तक्रारी तेव्हाही झाल्या, पण शिव्या थांबल्या. साथ तीच, सीमा तीच, माणसेही तीच. बदलली होती ती आधी बोलून ठरवण्याची रीत.

आपल्याकडे ही रीत का नाही, याचे उत्तर शोधायला घटना उघडावी लागते. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत सहावा आहे. आंतरराज्य स्थलांतर आणि आंतरराज्य विलगीकरण केंद्राच्या सूचीत, ८१ व्या क्रमांकावर आहे. आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथीचा रोग पसरू न देणे हा समवर्ती सूचीतला २९ वा विषय आहे. म्हणजे घटनाकारांना हा प्रश्न दिसला होता, त्यांनी तो तीन ठिकाणी वाटून दिला. अडचण त्याखालच्या कायद्याची आहे. आपला मुख्य साथ कायदा १८९७ चा; मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रज सरकारने घाईने केलेला. त्यात अडवण्याचे, झडती घेण्याचे, वेगळे ठेवण्याचे अधिकार भरपूर आहेत, पण शेजाऱ्याला कळवण्याचे कर्तव्य नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार गंभीर साथीची शंका आल्यास देशाला चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे लागते. पण सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काही आढळले तर पलीकडच्या, गोव्यातल्या सत्तरीला कळवणे हे अलीकडच्या अधिकाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य नाही. त्याचा अहवाल जिल्ह्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून दिल्लीकडे जातो. माहिती वर चढते, शेजारी सरकत नाही.

तलपाडीचा तिढा अखेर न्यायालयात गेला. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिलला केंद्र सरकारला सांगितले की महामार्गांवरचे अडथळे काढा, कारण उपचारासाठी जाता न येणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. कर्नाटक सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथून दोन्ही राज्यांनी केंद्राबरोबर बसून मार्ग काढावा असे सुचवले गेले, आणि ७ एप्रिलला तो निघाल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले. काय निघाला तो मार्ग? करोना नसल्याचे डॉक्टरी प्रमाणपत्र असलेला रुग्ण तलपाडीवरून जाईल, नाक्यावर वैद्यकीय तपासणी होईल. बस, एवढेच! हा मजकूर अर्ध्या पानात मावतो. दोन जिल्ह्यांचे आरोग्य अधिकारी एका दुपारी लिहू शकले असते असा कागद मिळवायला देशातल्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि मधल्या दिवसांत जे गेले ते परत आले नाहीत. सहकार्याला पैसा लागतो, ते श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्यांनी या अर्ध्या पानाची किंमत काढून पाहावी. उलट आपल्याकडे हे काम अधिक सोपे आहे. चलन एक, घटना एक, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्हीकडे तीच, औषधे तीच, डॉक्टरची पदवीही तीच. ऱ्हाइनकाठी यातले बरेचसे आधी जुळवून घ्यावे लागले होते.

कोणी म्हणेल, यावर खरा उपाय स्वावलंबनाचा. प्रत्येक जिल्ह्यात मोठे रुग्णालय झाले की कोणाकडे हात पसरायला नको. कासरगोडमध्ये तसे झालेही. २०१३ साली पायाभरणी होऊन रखडलेले वैद्यकीय महाविद्यालय त्या एप्रिलमध्ये काही दिवसांत करोना रुग्णालय म्हणून सुरू झाले. चांगलेच झाले, आधी व्हायला हवे होते. पण प्रत्येक सीमावर्ती जिल्ह्यात मेंदूची शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग ठेवणे परवडत नाही, आणि परवडले तरी रोज पुरेसे रुग्ण न आल्याने त्या डॉक्टरांचा हात बसत नाही. मोठ्या रुग्णालयाचा पसारा वर्तुळासारखा असतो. सीमेवरच्या गावात ते वर्तुळ मधोमध कापले जाते. निम्म्या वर्तुळासाठी पुरे रुग्णालय कोणतेच राज्य बांधणार नाही. फोरबाकने स्वतःचे हृदयरोग केंद्र न उभारता फ्योल्कलिंगनशी करार केला, तो याच हिशेबाने.

आपल्या दाराशी असे कापलेले वर्तुळ आहे. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागातला अत्यवस्थ रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, जातो. कोल्हापूर घाटापलीकडे आहे आणि मुंबई फार लांब. हा शिरस्ता कोणत्याही करारामुळे पडला नाही, तो भूगोलाने पाडला. म्हणूनच तो नाजूक आहे. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बिगरगोमंतकीय रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली तेव्हा सिंधुदुर्गात मोठी ओरड झाली. गोव्याची बाजूही रास्त होती: आमच्या करदात्याने चालवलेल्या रुग्णालयावर शेजारच्या राज्याने न विचारता भार का टाकावा? भांडण रुग्णावरून होते, पण तो प्रश्न दोन सरकारांमधल्या हिशेबाचा होता आणि महाराष्ट्राच्या जन आरोग्य योजनेशी सांगड घालण्याचा मार्ग हाच त्यावरचा शहाणा उपाय. करोनात मात्र गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर पुन्हा नवे नियम आले. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने करोना नसल्याच्या दाखल्याशिवाय गोव्यात प्रवेश नको असा आदेश दिला. त्या महिन्यातली गोव्याची अवस्था पाहता तो आदेश समजण्यासारखा होता, पण रोज बांद्याहून म्हापशाला कामाला जाणाऱ्याने रोज दाखला कुठून आणावा याचे उत्तर कोणाकडे तयार नव्हते. मोझेलमध्ये दुसऱ्या वर्षी जे उत्तर सापडले, सीमेवरच दोघांचे मिळून चाचणी केंद्र, ते इथेही बसण्यासारखे होते.

आणि पुढचे संकट करोनाच्याच रूपाने येईल असे नाही. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप हळूहळू सह्याद्रीच्या कुशीने वर सरकला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत दिसला, २०१६ मध्ये दोडामार्गात. जंगलात माकड मरते, त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि काजूच्या बागेत किंवा सरपणाला गेलेल्या माणसाला चावतात. काजूचा हंगाम आणि गोचिडांचा हंगाम एकच. काजूच्या कामाला मजूर तिन्ही राज्यांतून येतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या रानात माकडे मरू लागली तर दोडामार्गातल्या बागायतदाराला त्याच आठवड्यात कळायला हवे. मजुरांना अंगाला लावायचे औषध वाटायला तेवढाच वेळ असतो. पण हे जंगल तीन राज्यांत वाटलेले आहे. केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या क्षेत्रीय परिषदांतही महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम परिषदेत, तर कर्नाटक दक्षिण परिषदेत. आंतरराज्य बैठका होतात, साथ आल्यावर पत्रव्यवहारही होतो. माकड मात्र कोणत्या परिषदेच्या हद्दीत मरायचे ते विचारून मरत नाही.

इथे शेवटचा आक्षेप येतो, आणि तो मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. ज्या कर्नाटकाशी बेळगावचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याच्याशी असे करार करायचे म्हणजे सीमा मान्य केल्यासारखे होणार नाही का? नाही होणार, आणि त्याचा पुरावा नदीत आहे. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली बुडाल्यानंतर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून दोन्ही राज्यांत खूप आरोप-प्रत्यारोप झाले. तरी त्यानंतरच्या पावसाळ्यांत कोणत्या धरणातून किती विसर्ग सोडला याची माहिती एकमेकांना देण्याची व्यवस्था दोन्ही पाटबंधारे खात्यांनी लावली. त्याने सीमावादाचे एक पानही इकडचे तिकडे झाले नाही. पाणी दावा कोणाचा खरा हे न पाहता वाहते, म्हणून अभियंत्यांना बोलावे लागले. रोगाचेही तसेच आहे. ‘या व्यवस्थेने कोणाच्याही सीमेविषयीच्या दाव्याला बाध येत नाही’ असे एक वाक्य वर लिहिले की खालचे काम सुरू करता येते. वकील असे वाक्य रोज लिहितात.

खालचे कामही फार नाही. सिंधुदुर्ग, उत्तर गोवा आणि बेळगाव, किंवा कोल्हापूर आणि बेळगाव, अशा शेजारी जिल्ह्यांनी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. संशयास्पद आजार किंवा मेलेली माकडे आढळली तर चोवीस तासांत पलीकडच्या कोणत्या अधिकाऱ्याला कळवायचे. नाका बंद करण्याची वेळ आली तरी कोणते रुग्ण आणि कोणते आरोग्य कर्मचारी कोणत्या कागदावर जातील. पलीकडच्या रुग्णालयाचे बिल कोणती योजना, किती दिवसांत भरेल. आणि वर्षातून एकदा, कोणतीही साथ नसताना, ही सगळी माणसे एकत्र बसून एक रुग्णवाहिका खरोखर सीमेपार पाठवून पाहतील. यातले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यातूनच फोन उचलणारा माणूस आणि फोन करणारा माणूस एकमेकांना चेहऱ्याने ओळखू लागतात.

शेजारधर्म आपल्याला नवा नाही. गावात एका घरी आजारपण आले तर दुसऱ्या घरून पेज जाते, त्याला करार लागत नाही. पण सरकारे म्हणजे घरे नव्हेत. सरकारी माणूस चांगुलपणाने नव्हे, आदेशाने हलतो, आणि घाबरलेल्या काळात आदेश फक्त अडवण्याचे निघतात. तलपाडीजवळच्या रस्त्यावर माती ओतायला काही तास पुरले, कारण अडवण्याचा अधिकार एकशेतेवीस वर्षांपासून लिहून ठेवलेला होता. रुग्णाला वाट देणारा अर्ध्या पानाचा मजकूर मात्र कोणी आधी लिहून ठेवलेला नव्हता.